डायव्हरच्या हृदयाची तपासणी: कुठली, कधी आणि कशासाठी

स्कूबा डायव्हिंगला जाण्याआधी आरोग्याचा जो फॉर्म भरून द्यावा लागतो, त्यावर दहा प्रश्न असतात. २०२० पासून बऱ्याच देशांत हाच फॉर्म चालतो. दुसरा प्रश्न वयाचा आहे: तुमचं वय ४५ च्या पुढे आहे का? ‘हो’ म्हटलं की फॉर्म तुम्हाला मागच्या पानावरच्या एका चौकटीत पाठवतो. तिथे चार गोष्टी विचारलेल्या असतात. सिगारेट ओढता का किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गाने निकोटिन घेता का, कोलेस्टेरॉल जास्त आहे का, ब्लड प्रेशर आहे का, आणि रक्ताच्या जवळच्या नात्यात कुणाला पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला किंवा अचानक मृत्यू आला का. यातल्या एकाही ओळीला ‘हो’ आलं की डॉक्टरची सही हवी.

मी पहिल्यांदा त्या चौकटीत जाऊन पडलो तेव्हा सगळे करतात तेच केलं. मोठं हेल्थ चेकअप पॅकेज घेतलं. व्हिटॅमिन डीपासून यकृतापर्यंत सगळ्याचे आकडे आले, पलंगावर झोपवून काढलेला ईसीजी ‘नॉर्मल’ आला, आणि खाली ‘फिट’ लिहून सही मिळाली. पाण्याखाली मी नेमकं काय करतो हे सही करणाऱ्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्या जाडजूड फाइलवरून मी खुर्चीत बसून राहायला फिट आहे, एवढं फार तर सिद्ध होत होतं.

हृदयाची प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते, दुसऱ्या प्रश्नाचं देत नाही. त्यामुळे कुठली तपासणी करायची हे ठरवण्याआधी पाणी हृदयाकडून काय मागतं ते कळायला हवं.

मानेपर्यंत पाण्यात

हृदयावरचा ताण खोल गेल्यामुळे वाढतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा बदल मानेपर्यंत पाण्यात शिरलं की तिथल्या तिथेच होतो. जमिनीवर उभं असताना बरंचसं रक्त पायांच्या शिरांमध्ये साठून असतं. पाण्यात चारी बाजूंनी दाब येतो, पाय पिळल्यासारखे होतात आणि अर्धा ते पाऊण लिटर रक्त वर छातीत सरकतं. हृदय एकदम जास्त भरतं. वरचे कप्पे ताणले जातात, शरीराला वाटतं की रक्तच जास्त झालंय, आणि मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकण्याचा निरोप जातो. वेटसूट चढवून पाण्यात उतरल्यावर दहाव्या मिनिटाला लघवीला का होते, हे कोडं असेल तर त्याचं उत्तर हृदयात आहे.

त्यात थंडी. थंड पाण्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे जास्त भरलेल्या हृदयाला आता अरुंद नळ्यांमध्ये रक्त ढकलायचं असतं. चेहऱ्याला गार पाणी लागलं की हृदयाचे ठोके मंदावतात, ही सगळ्या सस्तन प्राण्यांत असलेली उपजत प्रतिक्रिया आहे. पण अंगाला अचानक थंडी झोंबली किंवा माणूस घाबरला की ठोके वाढतात. दोन्ही एकाच वेळी झालं तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यासारखं होतं. निरोगी हृदय हे पचवतं. ज्याच्या विजेच्या वायरिंगमध्ये आधीच खोट आहे, त्या हृदयाची लय इथे बिघडू शकते.

खोलीचाही वाटा आहेच. ३० मीटरवर आपण पृष्ठभागाच्या चौपट दाट हवा ओढत असतो, त्यामुळे श्वास घेणं हेच काम होऊन बसतं. मात्र डाइव्हमधले खरे दमवणारे क्षण बहुधा पृष्ठभागावरचे असतात: उडी मारल्यावर प्रवाहाविरुद्ध दोरीपर्यंत पोहणं, आणि शेवटी पाठीवर वीसेक किलोचं सामान घेऊन हलत्या बोटीची शिडी चढणं. शिडीचा क्षण विशेष वाईट. बाहेर येताच पाण्याची पकड सुटते, रक्त पुन्हा पायांकडे उतरतं, मधल्या काळात लघवीवाटे पाणी गेलेलं असतं, ब्लड प्रेशर घसरतं, आणि नेमकं तेव्हाच आपण दिवसातलं सगळ्यात जड काम करत असतो.

डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ स्कूबा मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. मृत्यूच्या दाखल्यावर बहुतेकदा ‘बुडून’ असंच लिहिलेलं असतं. त्यामागे जाऊन माणूस आधी कशामुळे निकामी झाला हे शोधल्यावर, जिथे ते ठरवता आलं अशा घटनांपैकी सुमारे २६ टक्क्यांमध्ये सुरुवात हृदयातून झाली होती. चाळिशीनंतर आणि आधीपासून हृदयाचा आजार असलेल्यांमध्ये ही शक्यता वाढलेली दिसली. हवा संपणं, अडकणं हे धोके आपण कोर्समध्ये घोटून घोटून शिकतो. हृदयाचा धडा एका फॉर्मवर उरकला जातो.

आधी ते कंटाळवाणं ब्लड प्रेशर

डायव्हर मंडळी बोटीवर हृदयातल्या छिद्राबद्दल तासन्‌तास बोलतात. ब्लड प्रेशरबद्दल कुणी तोंड उघडत नाही. माझ्या मते यादीत पहिला नंबर ब्लड प्रेशरचा लागतो, आणि त्यासाठी दंडाला पट्टा बांधण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

कारण आहे इमर्शन पल्मोनरी एडिमा. म्हणजे पाण्यात असताना फुफ्फुसांत पाणी भरणं, पण बाहेरचं नव्हे, आपल्याच रक्तातलं. छातीत जास्तीचं रक्त आलेलं असतं, थंडीने वाहिन्या आवळलेल्या असतात, आणि वर्षानुवर्षांच्या ब्लड प्रेशरमुळे हृदयाची भिंत जाड आणि ताठर झालेली असेल तर ते नीट सैलावून भरत नाही. मग फुफ्फुसांतल्या बारीक वाहिन्यांमध्ये दाब चढतो आणि द्रव पाझरून श्वासाच्या जागेत येतो. पाण्यात असतानाच दम लागतो, खोकला येतो, कधी फेसाळ गुलाबी थुंकी पडते. डायव्हरला वाटतं रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र, बिघडलाय, हवा येत नाहीये. वर आणल्यावर बघावं तर सिलिंडरमध्ये भरपूर हवा आणि रेग्युलेटर ठणठणीत. हा प्रकार एकदा झाला तर पुन्हा होऊ शकतो, म्हणून त्यानंतर पूर्ण तपासणी होईपर्यंत पाण्यात उतरायचं नसतं. चांगली पोहणारी, धट्टीकट्टी माणसंही यात सापडतात, पण वाढलेलं ब्लड प्रेशर हा यातला ओळखीचा साथीदार आहे.

दवाखान्यात एकदा मोजलेलं प्रेशर फसवं असतं. काहींचं डॉक्टर समोर आले की चढतं, काहींचं तिथेच नेमकं चांगलं येतं. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शांत बसून मोजलेले आकडे जास्त बोलके असतात. शंका असेल तर डॉक्टर २४ तास दंडाला यंत्र बांधून देतात. रात्रभर ते फुगत राहतं, झोप मोडते, पण खरं चित्र कळतं. प्रेशर जुनं असेल तर एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून हृदयाची भिंत जाड झाली आहे का ते पाहिलेलं बरं.

दहा सेकंदांचा ईसीजी

साधा ईसीजी म्हणजे छातीवर आणि हातापायांवर मिळून दहा ठिकाणी चिकटवलेले तुकडे, आणि साधारण दहा सेकंदांची नोंद. तरीही त्याला हसू नये. हृदयाचं वायरिंग कसं आहे हे त्यात दिसतं: विजेला जादा आडवाट असलेलं डब्ल्यूपीडब्ल्यू, ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागणारं लाँग क्यूटी, कुठे अडलेली विजेची वाट, कळलंच नाही असा जुना हार्ट अटॅक. लाँग क्यूटीचा एक प्रकार डायव्हरने लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यात लय बिघडण्याचं नेहमीचं निमित्त पोहणं हेच असतं. घरात कुणी तरुण माणूस ‘पोहता येत असूनही बुडाला’ अशी गोष्ट असेल, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. आपण ती कुटुंबातली दुःखद आठवण म्हणून सोडून देतो, डॉक्टरांसाठी ती माहिती असते.

हृदयाच्या धमन्या आतून किती अरुंद झाल्या आहेत, हे मात्र विश्रांतीतला ईसीजी सांगत नाही. तीन धमन्यांमध्ये बरंच काही साठलेला माणूस पलंगावर शांत पडलेला असताना त्याचा ईसीजी अगदी सरळसाधा येऊ शकतो. माझ्या फाइलमधल्या ‘नॉर्मल’ला एवढाच अर्थ होता. आणि अधूनमधून धडधड होत असेल तर ती बरोबर त्याच दहा सेकंदांत होईल याचीही खात्री नाही. त्यासाठी एक-दोन दिवस अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदवणारं होल्टर नावाचं यंत्र असतं.

पट्ट्यावर धावणं

आता ती तपासणी, जी डायव्हरच्या कामाच्या सगळ्यात जवळ जाते. ट्रेडमिल टेस्ट, बोलीभाषेत टीएमटी किंवा स्ट्रेस टेस्ट.

छातीवरचे केस जागोजागी काढतात, त्वचा खरबरीत कापडाने घासतात, गार जेल लावून तुकडे चिकटवतात आणि त्यांच्या वायरींचा झुबका कमरेला बांधतात. दंडाला प्रेशरचा पट्टा. मग पायांखालचा पट्टा सरकायला लागतो. बहुतेक ठिकाणी अमेरिकन हृदयतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी घालून दिलेली पद्धत वापरतात: दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर, १० टक्के चढ. हे तर काहीच नाही, असं वाटतं. दुसऱ्यात ४ किलोमीटर, चढ १२. तिसऱ्यात साडेपाच, चढ १४, आणि इथे गप्पा बंद होतात. चौथ्यात पळावंच लागतं. घाम डोळ्यात जातो, वायरी छातीवर आपटत असतात, कुणीतरी विचारत असतं, ‘छातीत काही होतंय? चक्कर?’ आणि तुम्ही मानेनेच नाही म्हणता.

रिपोर्टमध्ये बहुतेक जण फक्त शेवटची ओळ वाचतात: निगेटिव्ह की पॉझिटिव्ह. डायव्हरने त्याआधी ‘मेट’चा आकडा शोधावा. स्वस्थ बसलेलं शरीर जितका ऑक्सिजन खर्च करतं तो एक मेट, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर. दहा मेट म्हणजे त्याच्या दहापट काम करण्याची ताकद. ब्रूस पद्धतीत तिसरा टप्पा पूर्ण केला, म्हणजे नऊ मिनिटं टिकलात, तर तुम्ही दहाच्या आसपास पोचता. चौथा पूर्ण केला तर तेराच्या आसपास. शांत पाण्यातल्या निवांत डाइव्हला यातलं थोडंच लागतं. पण प्रवाह उलटा फिरला, जोडीदाराला ओढत बोटीपर्यंत आणायचं झालं, तर राखीव साठा लागतो. जुन्या मार्गदर्शनात डायव्हरसाठी १३ मेटचा निकष होता. हल्ली बरेच डॉक्टर १० च्या आसपास समाधान मानतात, आणि नेहमीच्या डायव्हरसाठी मलाही ते रास्त वाटतं.

फॉर्मवरचा तिसरा प्रश्न हेच यंत्राविना विचारतो: १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालता येतं का, किंवा न थांबता २०० मीटर पोहता येतं का? हिशेब केलात तर हा वेग ताशी जवळपास सात किलोमीटर होतो. ही जेवणानंतरची शतपावली नव्हे. घड्याळ लावून एकदा करून बघा. इथेच धाप लागत असेल, तर आधी ती का लागते ते शोधायचं. डायव्हिंगची तारीख नंतर ठरवता येईल.

मग टीएमटी सगळ्यांनीच का करू नये? इथे थोडं गणित करावं लागतं, पण ते एकदा डोक्यात बसलं की सगळ्याच तपासण्यांचे रिपोर्ट वेगळे दिसायला लागतात.

अनेक जुन्या अभ्यासांची एकत्र सरासरी काढली तर टीएमटी धमन्यांचा आजार असलेल्या १०० पैकी सुमारे ६८ जणांना पकडते, आणि आजार नसलेल्या १०० पैकी ७७ जणांना ‘काही नाही’ असं बरोबर सांगते. आता समजा, कसलाही त्रास नसलेले १,००० डायव्हर आहेत आणि त्यांतल्या ५० जणांच्या धमन्यांमध्ये खरंच गडबड आहे. टीएमटी त्यांपैकी ३४ जणांना पकडेल, १६ निसटतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी २३ टक्के, म्हणजे जवळजवळ २१९ जणांना ती उगाच पॉझिटिव्ह ठरवेल. एकूण पॉझिटिव्ह २५३, आणि त्यांतले खरे आजारी ३४. सात-आठांत एक. बाकीचे सगळे झोप उडवून घेतील, पुढच्या तपासण्या करतील, कदाचित हातातून किंवा मांडीतून नळी घालून अँजिओग्राफीही होईल, आणि शेवटी ‘सगळं ठीक आहे’ हे ऐकून घरी येतील.

हेच गणित वेगळ्या हजार जणांवर करा, ज्यांच्यात धूम्रपान, डायबेटिस, चालताना छातीत भरून येणं वगैरे असल्यामुळे ४०० जण खरंच आजारी आहेत. आता पॉझिटिव्ह येतील ४१०, आणि त्यांतले २७२ खरे. म्हणजे तीनात दोन. यंत्र तेच, पट्टा तोच, फक्त त्यावर कोण चढलं हे बदललं. म्हणून डॉक्टर आधी वय, सिगारेट, साखर, घरातला इतिहास विचारत बसतात. ती टाळाटाळ नसते. बिनत्रासाच्या, बिनजोखमीच्या पंचविशीतल्या डायव्हरने ‘मनाच्या समाधानासाठी’ टीएमटी केली तर समाधानाऐवजी भलतंच पदरी पडण्याची शक्यता जास्त. स्त्रियांमध्ये असे खोटे पॉझिटिव्ह आणखी जास्त दिसतात.

उलट बाजूही आहे. टीएमटीला मुख्यतः तीच अडचण कळते जिच्यामुळे श्रमाच्या वेळी रक्त कमी पडतं, म्हणजे धमनी बरीच अरुंद झालेली असते तेव्हा. पण कित्येक हार्ट अटॅक धमनीच्या भिंतीतल्या, फारसा अडथळा न करणाऱ्या चरबीच्या मऊ थराला अचानक चीर जाऊन तिथे गुठळी जमल्यामुळे येतात. तेव्हा निगेटिव्ह टीएमटी म्हणजे आज, या श्रमाला, रक्त पुरलं. तुमच्या कामाची ताकद तिच्यातून खात्रीने कळते. धमन्यांचं भविष्य तितक्या खात्रीने कळत नाही.

कॅल्शियम स्कोअर

ही उणीव थोडीफार भरून काढतो कॅल्शियम स्कोअर. सीटी स्कॅनच्या मशिनमध्ये काही सेकंद श्वास रोखायचा, इंजेक्शन नाही, रंगद्रव्य नाही. धमन्यांच्या भिंतीत जुन्या थरांवर चुना धरलेला असतो, तो पांढरा दिसतो आणि त्याची बेरीज करून आकडा देतात. पद्धत आर्थर ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. शून्य आलं तर पुढच्या काही वर्षांसाठी बऱ्यापैकी निर्धास्त. १०० च्या पुढे गेलं तर कोलेस्टेरॉलच्या गोळीचा विचार गंभीरपणे व्हायला हवा. ४०० च्या पुढे असेल तर डायव्हिंगआधी ताणाखालची तपासणी हवीच. किरणोत्सर्ग साधारण एक मिलिसिव्हर्ट, आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. मऊ थर यात दिसत नाहीत, त्यामुळे तिशीतल्या माणसाचं शून्य तितकं बोलत नाही जितकं पंचावन्न वर्षांच्या माणसाचं बोलतं.

आकडा वाढला तर डायव्हिंग संपलं, असं नाही. शंभर-दीडशे स्कोअर असलेला, गोळ्या घेणारा, प्रेशर ताब्यात असलेला आणि ट्रेडमिलवर अकरा मेट काढणारा डायव्हर मला, स्कोअर कधी न काढलेल्या आणि जिना चढताना थांबणाऱ्या डायव्हरपेक्षा बोटीवर जास्त भरवशाचा वाटतो.

न लावलेली कडी

आणि आता तो सगळ्यांचा आवडता विषय, पीएफओ (पेटंट फोरामेन ओव्हाले), म्हणजे बोटीवर ज्याची चर्चा चालते ते हृदयातलं छिद्र.

आईच्या पोटात बाळाची फुफ्फुसं श्वासासाठी वापरली जात नाहीत. म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक दार असतं, रक्त फुफ्फुसांकडे न जाता तिथून परस्पर डावीकडे जातं. जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की डावीकडचा दाब वाढतो आणि दार लोटलं जातं. बहुतेकांमध्ये ते पुढे कायमचं चिकटतं. काहींमध्ये लोटलेलंच राहतं, कडी लागत नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ९६५ शवविच्छेदनांच्या अभ्यासात असं दार २७ टक्के लोकांमध्ये सापडलं. म्हणजे चार डायव्हर असलेल्या बोटीवर एकाला ते असणारच असं धरून चाला.

याचा डायव्हिंगशी संबंध बुडबुड्यांमुळे. वर आल्यावर पहिल्या काही तासांत बऱ्याच डायव्हरच्या शिरांमध्ये नायट्रोजनचे बारीक बुडबुडे असतात, त्रास नसला तरी. हे रक्त फुफ्फुसांतून गाळून जातं आणि बुडबुडे तिथेच अडकून विरतात. दार उघडलं तर ते गाळणी चुकवून थेट डावीकडे, आणि तिथून मेंदू, मणका, आतला कान, त्वचा यांकडे जातात. आणि दार कधी उघडतं? उजवीकडचा दाब क्षणभर वाढला की. जड वस्तू उचलताना दम कोंडतो, जोरात खोकतो, किंवा नाक धरून कान मोकळे करतो आणि मग सोडतो तेव्हा. डायव्हर ज्याला वाल्साल्वा म्हणतात, तीच युक्ती हृदयतज्ज्ञ हे दार उघडून बघायला वापरतात.

तपासणीचं नाव बबल एको. सलाइनमध्ये थोडी हवा आणि बहुधा तुमच्याच रक्ताचे काही थेंब घालतात, आणि जोडलेल्या दोन सिरिंजांमधून ते इकडून तिकडे भराभर ढकलून फेसाळ करतात. मग हाताच्या शिरेतून आत. पडद्यावर हृदयाचा उजवा भाग एकदम पांढरा होतो, जणू दुधाचा ढग. तुम्ही जोर करून दम कोंडलेला असतो. ‘सोडा!’ म्हणताच सगळे डावीकडच्या काळ्या भागाकडे बघतात. तीन-चार ठोक्यांच्या आत तिथे ठिपके चमकले तर दार आहे. किती ठिपके, आणि जोर न करताही येतात का, यावरून दार मोठं की किरकोळ ते ठरतं. साध्या टूडी एकोत हे दार बहुतेकदा दिसत नाही, आणि जोर न करवता केलेली बबल एकोही अर्धवटच. तेव्हा ती करून घेणार असाल तर जोर करवून करणाऱ्याकडेच जा.

पण सगळ्यांनी करावी का? नाही. साउथ पॅसिफिक अंडरवॉटर मेडिसिन सोसायटी आणि ब्रिटनमधली स्पोर्ट्स डायव्हिंगची वैद्यकीय समिती यांनी २०१५ मध्ये एकत्र निवेदन काढून हेच सांगितलं: सरसकट तपासणी नको. दार दर चौथ्या माणसाला असतं आणि गंभीर डीकंप्रेशन सिकनेस, म्हणजे या बुडबुड्यांमुळे होणारा आजार, फार थोड्यांना होतो, त्यामुळे दार सापडणं म्हणजे आजार सापडणं नव्हे. मात्र मेंदू, मणका, आतला कान किंवा त्वचेवर जाळीदार डाग अशा स्वरूपाचा डीकंप्रेशन सिकनेस होऊन गेला असेल, डोळ्यांपुढे चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी असेल, कारण न सापडलेला पक्षाघात झाला असेल, तर तपासणीचा विचार व्हावा.

दार सापडलं तर पर्याय तीन. डायव्हिंग सोडणं. बुडबुडेच कमी होतील असं डायव्हिंग करणं, म्हणजे उथळ जाणं, वर येताना डीकंप्रेशनसाठी थांबायची वेळ येऊ न देणं, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेली हवा) भरून साध्या हवेच्या तक्त्यातली वेळ पाळणं, आणि डाइव्हनंतर निदान तीन तास जड सिलिंडर न उचलणं. किंवा नळीवाटे छोटं उपकरण बसवून दार बंद करणं, आणि ते खरंच बंद झालंय हे काही महिन्यांनी पुन्हा बबल एको करून पाहिल्याशिवाय पाण्यात न उतरणं. लॉगबुकात एकाही त्रासाची नोंद नसलेल्या माणसाने केवळ हौसेने हृदयात उपकरण बसवून घ्यावं, हे मला पटत नाही. दुसरा पर्याय तर दार असो-नसो, कुणालाही आजपासून सुरू करता येतो.

डॉक्टरसमोर बसल्यावर

दुसऱ्या खेपेला मी डायव्हिंग जाणणारा डॉक्टर शोधला. तो जवळपास नसेल तर हृदयतज्ज्ञाला पाण्यातली गोष्ट आपण सांगायची: सामान किती वजनाचं, पाणी किती गार, प्रवाह असतो का, एकटा असतो की जोडीदार. ‘मी फिट आहे का?’ याऐवजी ‘मला दहा मेटपर्यंत, मधेच थांबायची सोय नसताना, काम करता येईल का?’ असं विचारलं की संभाषण वेगळ्या वाटेने जातं. चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्या. प्रेशरसाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर तो ठोके वाढू देत नाही, त्यामुळे श्रमाची मर्यादा खाली येते, आणि फुफ्फुसात पाणी भरण्याच्या प्रकारातही त्याच्यावर संशय घेतला जातो. कित्येकदा डॉक्टर गोळी बदलून देतात. स्वतःहून बंद मात्र करू नका.

स्टेंट किंवा बायपास झालेले लोक पुन्हा पाण्यात उतरल्याची उदाहरणं आहेत. साधारण सहा महिने ते वर्षभर थांबून, औषधांवर स्थिर राहून, ट्रेडमिलवर त्रासाशिवाय पुरेसे मेट काढून दाखवल्यावर. पेसमेकर असेल तर तो किती खोलीचा दाब सोसतो हे बनवणाऱ्या कंपनीच्या कागदांवर बघावं लागतं, आणि तो मुळात कशासाठी बसवला हे त्याहून महत्त्वाचं. झटका देणारं आयसीडी बसवलेल्यांना बहुतेक डॉक्टर नाही म्हणतात. त्या झटक्याच्या क्षणी तोंडातला रेग्युलेटर जागेवर राहील याची हमी कोण देणार?

त्या दुसऱ्या खेपेला फाइल फार पातळ झाली. आठवडाभराचे प्रेशरचे आकडे, एक ईसीजी, घरातल्या इतिहासामुळे सुचवलेला कॅल्शियम स्कोअर, आणि टीएमटी. बबल एको नाही, कारण पीएफओसाठी विचारलेल्या एकाही प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ नव्हतं. ट्रेडमिलवर साडेदहा मिनिटं टिकलो. डॉक्टरांनी सही केली, खाली पुढच्या भेटीची तारीख घातली, आणि पेन खाली ठेवता ठेवता विचारलं, ‘२०० मीटर शेवटचं न थांबता कधी पोहलात?’ मला आठवेना.

त्या आठवड्यात तलावावर गेलो. दीडशेव्या मीटरला हात जड झाले होते, पण थांबलो नाही.